गावाला वळसा

८ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. सिमेंटच्या गोणीवर कागद ठेवून लिहितोय. अक्षर खडबडीत आलं तर तो गोणीचा दोष, माझा नाही.

पाकीट फोडायच्या आधीच तू म्हणाली असशील, "सोडली वाटतं ह्यानं गोदामातली नोकरी." सोडली. एका जागी उभा राहून पायांना मुंग्या येत होत्या. आता रस्ते करणाऱ्या टोळीत आहे. माझं काम कडेचे दगड बसवायचं. दगड मांडायचा, लाकडी हातोड्यानं ठोकायचा, एक डोळा मिटून बघायचं, पुन्हा ठोकायचा. आमचा मुकादम म्हणतो, "काठ वाकडा गेला की सगळं कापड वाकडं दिसतं." हे तुला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं. जन्मभर लोकांच्या कपड्यांना काजं करणारी बाई तू.

हे शहर नुसतं फुगत चाललंय. काल शेत होतं तिथे आज खडी. नव्या वसाहतीत प्रत्येक गल्लीचं टोक बंद ठेवतात. टोकाला एक गोल जागा, गाडी वळवून आल्या वाटेनं परत जायला. आम्ही तिला तवा म्हणतो. तव्याभोवतीची घरं सगळ्यात आधी विकली जातात. का? तर परकं कोणी फिरकतच नाही. ट्रक नाही, फटफटी नाही. पोरं रस्त्यात बसकण मारून खेळतात आणि आया घरात निवांत.

म्हणून सांगतो, ताईला म्हणावं, त्या नव्या कॉलनीतलं तव्यावरचं शेवटचं घर घ्या. ती लिहिते की भावोजी दोन घरांमध्ये लटकलेत, एक फाटकाजवळचं, एक टोकाचं. भावोजींना छत्री घ्यायला दोन पावसाळे लागतात, त्यांच्यावर सोडू नकोस. टोकाचं घर आपल्या गल्लीच्या बरोब्बर मागे. मधे एवढंसं मोकळं रान, त्यातून पायवाट आहेच. बाळ झालं की तू इकडे दूध तापत ठेवून तिकडे जाशील आणि ते उतू जायच्या आत परत येशील. अगदी हाकेच्या अंतरावर. तुला हाक ऐकू येत नाही हे सोड. ताईचा आवाज भिंतींनासुद्धा ऐकू येतो.

शाळा मी सहावीत सोडली, पण बघ किती लिहितो. हे तुझ्या कानांचे उपकार. आई गेल्यावर पाळण्यातला मी तुझ्याकडे आलो, आणि हातात पेन्सिल धरता आल्यापासून भूक लागली तरी पाटीवर लिहून दाखवावं लागायचं, आणि शुद्धलेखन चुकलं की जेवण उशिरा.

तुझा
भिंगऱ्या


२ मार्च

भिंगऱ्या,

गोणीला नावं ठेवू नकोस. तुझं अक्षर पाटीवरही असंच होतं.

घर घेतलं. टोकाचंच. भावोजी सगळ्यांना सांगत सुटलेत, "मेहुणा त्याच धंद्यात आहे, त्याला विचारून घेतलं." धंद्यात तुला किती दिवस झाले ते मी कोणाला सांगितलं नाही.

घर छान आहे. पुढे तुझा तो तवा, तिथे एक मांजर उन्हात पडलेलं असतं आणि गाडी आली तरी उठत नाही, इतकी शांतता. मागे छोटं अंगण, ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यावर उघडते. मागची भिंत कमरेइतकी आहे. मी पायवाटेनं जाते, भिंतीवरून आधी कपड्यांचं गाठोडं देते, मग स्वतः पलीकडे जाते. ताई ओरडते, "मावशी, वय बघ!" असं ओठांवरून वाटतं. मी दुसरीकडे बघते. ऐकू येणाऱ्या लोकांना ही सोय नसते.

ताईला सहावा संपत आलाय. पाय सुजतात तरी दवाखान्यात पाळ्या चालूच. बाळ झालं की सहा महिने रजा, पुढे पोर माझ्याकडे, असं ठरलंय. ती म्हणाली, "मावशी, तू आहेस म्हणून मी नर्सचा डगला खुंटीला टांगणार नाही." एवढं ठरल्यापासून मला दोन सदऱ्यांची काजं जास्त होतात दिवसाला.

तू तिथे टिक. निदान दगडाइतका तरी टिक.

मावशी


१९ जून

मावशी,

मामा झालो! ताईचा फोन मुकादमाच्या फोनवर आला तेव्हा मी चरात होतो. तो वरून ओरडला, "ए भिंगरी, भाची झाली!" आणि टोळीतल्या सगळ्यांनी फावडी दगडावर आपटून असा काही आवाज केला की बाजूच्या इमारतीतली माणसं गच्चीत आली.

तुझं मात्र तीन महिने पत्र नाही. शाळेच्या गणवेशांची गर्दी असेल म्हणून रागावत नाही. पण ती कशी दिसते, नाक कोणाचं, रडते किती, हे तुझ्या हातचं हवंय. ताई फोनवर नुसतं "गोड आहे, गोड आहे" करते. गूळ पण गोड असतो.

मी अजून ह्याच टोळीत आहे! आश्चर्य ना? कारण रोज नवीन ठिकाणी जायला मिळतं. मी राहतो शहराच्या पोटात, जुन्या बाजारामागे एका खोलीत, आणि काम असतं शहराच्या पार कडेला. सायकलनं जाताना सगळं शहर उलगडत जातं. आत नुसतं गल्ल्यांचं जाळं. एक गल्ली खणलेली असली तर दुसरीत घुसायचं, तिथे हातगाडी आडवी आली तर तिसरीत. चुकायची सोयच नाही, सगळ्या वाटा कुठेतरी एकमेकींना भेटतातच. पुढे गेलं की चौक लांब लांब होत जातात. त्याही पुढे चौक संपतात आणि तवे सुरू होतात. तिथे मात्र चुकलात की बसा. परवा भिंतीपलीकडच्या वसाहतीतला एक गवंडी बिडीला काडी मागत होता. मी काडेपेटी फेकली, ती भिंतीवरच्या काचांत अडकली. दोघं खालून बघत बसलो. रस्त्यानं जाऊन द्यायची म्हटली तर मला डबा घेऊन निघावं लागलं असतं.

मुकादम म्हणाला, "मी धंद्यात आलो तेव्हा आम्ही जाळं विणायचो रे. आता झाडं लावतो. खोड, फांदी, डहाळी, आणि डहाळीच्या टोकाला घर. शेजारच्या डहाळीवर जायचं तर खोडापर्यंत खाली उतरा. पाखरांचं ठीक आहे."

मी विचारलं, "मग असं करतात कशाला?"

तर म्हणाला, "शेजारच्या डहाळीवर कोणाला जायचंच नसतं. निदान घर घेताना नसतं."

इथे एक चांभार चपला फार मजबूत करतो. आता तुझे हेलपाटे वाढले असतील. कागदावर पाऊल ठेवून माप काढून पाठव.

मामा (आधीचा भिंगऱ्या)


१५ जुलै

मामासाहेब,

नाक ताईचं, कान भावोजींचे, वळवळ तुझी. डोक्यावर एकच बट आहे, ती तेल लावलं तरी उभीच. अंगानं भरलेली म्हणून मी तिला ढमी म्हणते. ताईला आवडत नाही. तिला आवडलं नाही की नाव टिकतं, हा आपल्या घरचा अनुभव आहे.

रविवारी आली होती. माझ्या बोटाला धरलं ते सोडेना. रडताना आधी खालचा ओठ बाहेर काढते, मग विचार करते, मग तोंड उघडते. म्हणजे मला आधी कळतं, ऐकू येणाऱ्यांना नंतर.

चपला नकोत. गेल्या वर्षीच्याच अजून नव्यासारख्या आहेत. तुझे पैसे तू जपून ठेव आणि अंगाला तेल लाव, काडी झाला असशील उन्हात.

गणवेश संपले. हाताशी वेळ आहे. बाकी सगळं बरं.

मावशी


२४ जुलै

मावशे,

चपला नव्यासारख्या? तुझ्या?

लहानपणी तुझ्या चपला घेऊन मीच जायचो चांभाराकडे. तो टाच बघून म्हणायचा, "तुझी मावशी चालते की रस्ता खाते?" शिंप्याकडून शिंप्याकडे, तिथून बाजारात, तिथून कोणाच्या तरी आजारपणाला. चार महिन्यांवर तुझी चपल टिकली नाही. आणि आता भाची झालेली असताना चपल नव्यासारखी, "हाताशी वेळ आहे", आणि ढमी "रविवारी आली होती". बाकीचे दिवस तू कुठे असतेस? माझ्या डोक्यात खडी आहे, पण एवढं कळतं. तू त्यांच्या घरी जात नाहीस.

भावोजी काही बोलले ना तुला? खरं सांग. नवं घर, चकचकीत फरशी, आता बहिरी मावशी गाठोडं घेऊन आलेली चालत नसेल साहेबांना. शेजाऱ्यांपुढे लाज वाटत असेल. ज्या बाईनं त्यांच्या बायकोला लहानाची मोठी केली तिला दारात अडवायचं? मी रजा टाकतो आणि येतो. येताना हातोडा घेऊन येतो.

काल ताईला फोन करून चांगलं झाडलं. ती रडायला लागली आणि फोन ठेवून दिला. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंयच.

भिंगऱ्या


६ ऑगस्ट

भिंगऱ्या,

आधी त्या गरीब माणसाची माफी माग. मग पुढचं वाच.

मागितलीस असं धरून लिहिते. भावोजी मला एका शब्दानं बोललेले नाहीत. त्यांना बोलायचं असेल तर ते आधी पंधरा दिवस विचार करतील. भानगड भिंतीची आहे. ताई बाळंत व्हायला दवाखान्यात गेली त्याच आठवड्यात कॉलनीच्या कमिटीनं फर्मान काढलं, मागच्या ओळीतल्या सगळ्यांनी आपापल्या भिंती पुरुषभर उंच करायच्या, वर काचा लावायच्या. सगळ्यांनी केल्या, भावोजींनीही गवंड्याला सांगून टाकलं. बायको खाटेवर, पोर काविळीमुळे काचेच्या पेटीत, भिंतीकडे कोण बघतंय? ढमी घरी आली त्या दिवशी मी गरम दुधाचं पातेलं घेऊन नेहमीच्या पायवाटेनं गेले आणि भिंतीपुढे उभी राहिले. पायवाट होती तशीच होती. फक्त ती कुठे जात नव्हती.

रस्त्यानं जायचं तर गल्लीतून बाजार, बाजारातून मोठा रस्ता, मोठ्या रस्त्यानं थेट पूल, पुलापासून कॉलनीचं फाटक, आणि मग सगळी वळणं घेत पार टोकाला. तरी गेले. मला काय, पाय आहेत. एकदा एका ट्रकवाल्यानं म्हणे खूप हॉर्न वाजवला. मला मागून वारा आल्यासारखं झालं एवढंच. गुडघा सोलला, बाकी काही नाही. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून कडेला डोकं धरून बसला, शेवटी मीच त्याला पाणी पाजलं. त्या दिवसापासून ताईनं मोठ्या रस्त्याची शपथ घातली. रविवारी भावोजी दोघींना स्कूटरवर आणतात. रोज कसे आणतील? त्यांची कारखान्याची बस पहाटेच निघते.

तुला कळवलं नाही, कारण घर तुझ्या सल्ल्यानं घेतलं होतं. तुझा सल्ला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी ऐकला. म्हटलं, कशाला विरजण घालायचं.

मी रिकामी बसलेय असं समजू नकोस. मागच्या ओट्यावर स्टूल ठेवून चढलं की ताईची गच्ची दिसते. आमचं ठरलंय, ढमी बरी असली की तारेवर पिवळं दुपटं, ताप-सर्दी असली की निळं. सकाळी पिवळं दिसलं की मी सुई हातात घेते. मागच्या मंगळवारी निळं होतं. दिवसभर एक काज सरळ आलं नाही.

आता खरी गोष्ट. नोव्हेंबर संपला की ताईची रजा संपते. ढमीला ठेवायची कोणाकडे? पाळणाघर बाजाराच्या पलीकडे, आणि ताईच्या पाळीला वेळकाळ नाही. मी तिकडे राहायला जावं तर माझे शिंपी इथे, कपडे टाकायला आणि न्यायला त्या टोकाला कोण येणार? ताई म्हणते, नोकरी सोडते. ती कशी शिकली ते तू पाहिलंयस, तिच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचास. एका भिंतीपायी ती डगला उतरवणार आणि मी अलीकडे रिकामी मांडी घेऊन बसणार.

तूही मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा.

मावशी


१९ ऑगस्ट

मावशी,

भावोजींना फोन केला. म्हटलं, "चुकलो." ते म्हणाले, "असू दे." मग म्हणाले, "तिकडे हवा कशी आहे?" असा माणूस, आणि मी हातोडा आणणार होतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी एका तव्याचे दगड लावत होतो. एकही पातळीत बसेना. मुकादम म्हणाला, "काय रे, घरी कोण आजारी?" मी म्हटलं, "रस्ता आजारी आहे." त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तव्याच्या टोकाला दोन घरांच्या मधून पावसाचं पाणी जायला एक बोळ सोडलेला असतो, तो कॉलनीचा असतो. कमिटीनं मनावर घेतलं तर तिथे माणूस जाईल एवढं फाटक सहज होईल.

तेव्हा रीतसर जा. भावोजींना पुढे कर. तू मात्र तोंड सांभाळ. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, समोरच्याला येतो.

आणि स्टुलावर चढताना कोणाला तरी धरायला सांग.

भिंगऱ्या


३ ऑक्टोबर

भिंगऱ्या,

कमिटी तीन महिन्यांतून एकदा बसते, म्हणून थांबले. परवा बसली.

अध्यक्षांच्या घरी गेलो. रिटायर गृहस्थ, बोलायला गोड, चहा दिला. पण मिशा अशा दाट की ओठ दिसेनात, तेव्हा भावोजी बाजूला पाटी घेऊन बसले. अध्यक्ष पुष्कळ बोलले, हात हलवले, छताकडे बोट दाखवलं. भावोजींनी पाटीवर लिहिलं, "नाही म्हणतात."

मी म्हटलं, "एवढं बोलले आणि दोनच शब्द?"

मग त्यांनी पुसून लिहिलं, "आज तुम्ही, उद्या तुमची गल्ली, परवा चोर."

मी म्हटलं, "साहेब, चोर भिंतीवरून येतो. फाटकातून येते ती मावशी."

सगळे हसले, अध्यक्षही हसले. पण हसून माणूस हो म्हणतो असं थोडंच आहे? त्यांचं म्हणणं, ही शांतता सगळ्यांनी विकत घेतलेली आहे. मी म्हटलं, "माझ्याकडे फुकटची आहे, हवी तर न्या." तू तोंड सांभाळायला सांगितलं होतंस. मला माफ कर.

मग भावोजी उठून उभे राहिले. चेहरा लालभडक, मान ताठ. खूप वेळ बोलले असं मला वाटलं. बाहेर आल्यावर ताईला विचारलं, काय म्हणाले गं? ती म्हणाली, "हे बरोबर नाही." तीनदा. बस.

बोळ मिळाला नाही. ताईनं राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय, अजून दिला नाही. ढमी आता पालथी पडते म्हणे. मी पाहिलं नाही. ती आपल्या सोयीनं पडते, रविवार बघून नाही.

मावशी


१२ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र तिघं मिळून वाचा. आणि राजीनामा त्याच्या आधी फाडा.

मागच्या आठवड्यात आम्हाला उलटंच काम आलं. तवा घालायचं नाही, फोडायचं. इथली एक जुनी वसाहत, पंधरा वर्षांपूर्वीची. तिथल्या लोकांनीच आता अर्ज केला, की आमच्या गल्लीचं टोक उघडून पलीकडच्या रस्त्याला जोडा. पोरं मोठी झाली, म्हातारे थकले, पावाचा तुकडा आणायचा तरी गाडी काढावी लागते. आणि तो तवा घातला होता कोणी? आमच्याच मुकादमानं. स्वतः लावलेले दगड स्वतः उपटत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता, "किती घट्ट बसवलेत रे मूर्खानं!"

दुपारी जेवताना त्याला तुमच्या कमिटीची हकिकत वाचून दाखवली. त्यानं घास तसाच ठेवला. म्हणाला, "त्या शेवटच्या घराची मागची भिंत कोणाची?"

मी म्हटलं, "कॉलनीची."

"बांधली कोणी?"

"भावोजींनी. त्यांच्याच अंगणात."

"मग अध्यक्षांच्या मिशांकडे काय बघत बसलात?" असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा! बोळ कमिटीचा. भिंत तुमची. तुमच्या भिंतीला दार पाडायला कोणाला विचारायचं?"

मावशी, मी गेले आठ महिने तवेच घालतोय. दर तव्याला शेवटच्या घराची मागची भिंत असते. मला सुचू नये? तुम्हा तिघांना सुचू नये? आपल्या घरात अक्कल वाटून घेतलीये वाटतं, त्यामुळे कोणाच्याच वाट्याला पुरेशी आली नाही.

पण मुकादमानं आणखी एक सांगितलं, तेही लिहितो, नाहीतर मागच्यासारखा अर्धवट सल्ला होईल. त्याच्या पाहण्यात एकानं असंच आपल्या आईसाठी दार पाडलं. महिन्याभरात अख्खा मोहल्ला त्याच्या अंगणातून जायला लागला. दूधवाला, शाळेची पोरं, कुत्री. जाळं तुटलेलं असलं की एका टाक्यावर सगळा ताण येतो. तो माणूस अजून रोज शिव्या देतो. पण दार बुजवत नाही. का, ते मुकादमालाही माहीत नाही.

म्हणजे ताईचं घर घर राहणार नाही, रस्ता होईल. तिला ते आधी कळू दे. ती नाही म्हणाली तर मी तिच्यावर रागावणार नाही. तूही रागावू नकोस.

भिंगऱ्या


४ डिसेंबर

भिंगऱ्या,

उत्तराला उशीर झाला, कारण घर फोडायचं होतं.

तुझं पत्र भावोजींनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग अंगणात जाऊन भिंतीसमोर उभे राहिले. ताईनं विचारलं, "काय बघताय?" म्हणाले, "आपली आहे." पुढचा आठवडाभर दुसरं काही नाही.

मन होत नव्हतं ते ताईचं. भाड्याच्या खोल्यांत, दुसऱ्यांच्या जिन्यांवरून वावरण्यात तिचा जन्म गेला. पहिल्यांदा असं अंगण मिळालं होतं जिथे केस मोकळे सोडून बसलं तर कोणी बघत नाही. मी रविवारी तिला म्हटलं, "नको फोडूस. मी पिवळ्या दुपट्यावर राहीन." ती ढमीला घेऊन स्कूटरवर बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढले, तर तारेवर काहीच नाही. पिवळं नाही, निळं नाही. घाईनं उतरतेय तोच पायाखाली धडधड झाली. कानांना कळत नसलं तरी तळव्यांना कळतं. बाहेर धावले. पायवाटेच्या टोकाला धुळीचा लोट, भिंतीतून एक वीट गळून पडली आणि त्या भोकातून भावोजींचा डोळा. त्यांच्या मागे ताई, कमरेला पदर खोचलेला, हातात दुसरा हातोडा. मी विचारलं, "दुपटं का नाही लावलंस? जीव गेला असता माझा." तिनं पाटी मागवली नाही, ओठ सावकाश हलवून म्हणाली, "आता काय करायचंय दुपटं?"

दार गल्लीतल्या सुतारानं बसवलं. मापाचं मिळेना, म्हणून माझ्याच आतल्या खोलीचं काढून लावलं, माझ्याकडे आता पडदा आहे. सुतारानं विचारलं, कडी कुठल्या बाजूला? ताई म्हणाली, आतून. तेव्हा भावोजी एका क्षणात म्हणाले, "मावशीनं कडी वाजवली आणि आतून कोणी 'थांबा' म्हटलं, तर तिला कळणार कसं?" सुतार कडी हातात धरून उभा. ताईनं जरा वेळ त्या अंगणाकडे बघितलं आणि कडी त्याच्या पिशवीत परत टाकली.

तुझ्या मुकादमाचं खरं झालं. आठवडाभरात शाळेच्या पोरी जायला लागल्या, मग पेपरवाला, मग ज्याला त्याला आपल्या गल्लीत काम निघालं. अध्यक्ष नोटीस घेऊन पुढच्या दारानं आले. ती वाचून दाखवत असतानाच मागच्या दारानं त्यांची बायको आत आली, काखेत सदऱ्यांचं गाठोडं, माझ्याकडून काजं करून घेऊन परत निघालेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला ऐकू आलं नाही, पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. आता अध्यक्ष स्वतः त्याच दारानं गल्लीत दाढी करायला येतात, आणि येता-जाता भावोजींना म्हणतात, "हे बरोबर नाही हं."

ताईचं अंगण गेलं ते गेलंच. कुंडी दोनदा लवंडली. भावोजींना बनियनवर बसता येत नाही. परवा ताई वैतागून दारात खुर्ची आडवी टाकून बसली, कोणाला जाऊच द्यायचं नाही म्हणून. तर जो तो थांबून ढमीचं काय चाललंय ते विचारू लागला, आणि ही सांगत बसली. संध्याकाळी खुर्ची आत.

सोमवारी ताई कामावर गेली. डगला घालून, ढमीला माझ्या मांडीवर देऊन, आपल्याच गल्लीतून. मागे वळून दोनदा आली. तिला काळजी, पोर रडली तर मावशीला कळणार कसं? मी म्हटलं, तुझा भाऊ कसा वाढवला? पाळण्याला सूत बांधायचं, दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. पोर हललं की अंगठा ओढला जातो. तू इतका वळवळायचास की माझा अंगठा सुजलेला असायचा. ही त्या मानानं गरीब आहे. सकाळची झोपलीये, सूत अजून ढिलं आहे. तेवढ्यात तुला लिहायला बसले.

भावोजी तुझी चौकशी करतात. म्हणजे, हवा कशी आहे ते विचारतात. ताई म्हणते, तो आला की त्याला मागच्या दारानं आण, पुढून आला तर पाय पुसायला लावीन. आणि त्या मुकादमाला माझा नमस्कार सांग, त्याला म्हणावं की

ओढलं. उठते.